शेवटच्या ओळीचा पाय

शाळेच्या बँडची काठी तोफेच्या हातात येऊन जेमतेम दीड महिना झाला होता, आणि तेवढ्यात तिनं निम्म्या बँडशी वाकडं घेतलं होतं.

तोफ हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाचवीत असताना हजेरीला ती 'हजर' म्हणाली की शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या हातून खडू पडायचा, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. आता ती दहावीत होती. अंगापिंडानं बेताची, पण आवाज असा की तिनं मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हटलं की त्या टोकाला डबा खाणारी मुलं घास हातात धरून ताठ व्हायची. बँडप्रमुखाला असा आवाज म्हणजे देणगीच. शिवाय तोफेला नुसता आवाज नव्हता, हौसही दांडगी होती. पितळी मुठीची ती काठी एकदा आपल्या हातात यावी म्हणून तिनं तीन वर्षं छोटा ड्रम बडवला होता आणि एकही सराव चुकवला नव्हता, अंगात ताप असतानासुद्धा. काठी मिळाली त्या दिवशी ती घरी चालत गेली नाही, संचलन करत गेली.

या बँडला एक जुनं दुखणं होतं. अठ्ठेचाळीस मुलांचा ताफा. मैदान लहान, म्हणून सराव व्हायचा तो चौकोनात, आठ-आठांच्या सहा ओळी, सगळे एकमेकांना खेटून. तिथं पाय असा पडायचा की बघत राहावं. पण शाळाशाळांची स्पर्धा व्हायची रस्त्यावर, आणि रस्त्यावर तिघातिघांच्या सोळा ओळींची लांबलचक रांग करावी लागायची. रांग झाली की शेपटाकडच्या ओळी मागे पडायच्या. पुढच्यांचा डावा पाय जमिनीवर टेकलेला असायचा तेव्हा मागच्यांचा अजून हवेतच. दर वर्षी हेच. दर वर्षी शाळेचा नंबर खालून तिसरा नाहीतर चौथा, आणि दर वर्षी पी.टी.च्या सरांचं निदानही एकच. मैदानावर माझा डोळा असतो म्हणून नीट चालतात, रस्त्यावर गेली की मागची कार्टी हुंदडतात, असं ते म्हणायचे.

तोफेला हे अगदी पटलेलं होतं. ती स्वतः कायम पहिल्या तीन ओळींत वाढलेली. मागं काय चालतं हे तिला कुठून ठाऊक असणार?

मंगळवारी पहिल्यांदा रस्त्यावर सराव झाला. शाळेच्या फाटकापासून नदीवरच्या पुलापर्यंत, मधे एक वळण आणि शेवटी उतार. वळणावरच सरांनी शिट्टी मारली, कारण मागच्या तीन-चार ओळी पार विस्कटल्या होत्या. तोफ तावातावानं मागे गेली. अगदी शेवटच्या ओळीत तिघं होती, तिघंही सातवीतली, तिघंही बासरीवाली. मधे काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना जुळे भाऊ. काडी नावाप्रमाणेच होती. ती आणि बासरी शेजारी उभी केली तर कोण कुणाला वाजवतं असा प्रश्न पडावा. तोफेनं भर रस्त्यात, दुकानदार पायरीवर येऊन बघत असताना, तिघांना फैलावर घेतलं. कान आहेत की नुसती भोकं, असं विचारलं. सगळ्या बँडच्या गळ्यात तुमची धोंड बांधलीय म्हणाली. तुमच्याऐवजी तीन खुर्च्या दोरीनं ओढत आणल्या असत्या तर त्यासुद्धा तालात आल्या असत्या, असंही म्हणाली. तोंड सुटलं की तोफेला ते आवरता यायचं नाही, आणि त्या दिवशी तर तिला ते आवरायचंच नव्हतं.

जुळे रडवेले झाले. काडी रडली नाही. तिनं बासरी पिशवीत घातली, पिशवीची नाडी नीट बांधली, पिशवी जवळच्या पायरीवर ठेवली आणि तोफेकडे न बघता शाळेकडे चालू लागली. जुळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांनीही आपापल्या बासऱ्या तिथंच ठेवल्या.

संध्याकाळी सरांनी तोफेला खेळाच्या सामानाच्या खोलीत बोलावलं. स्पर्धेत अठ्ठेचाळीस जण लागतात, पंचेचाळीसांचा बँड फाटकातसुद्धा घेत नाहीत, हे तिला माहीत होतं. नवीन बासरीवाले तयार करायला वेळ नव्हता हेही माहीत होतं. सर चिडले असते तर तिनं ते निभावलं असतं. पण ते शांतपणे फुटबॉलमध्ये हवा भरत बसले होते.

"शनिवारी सकाळी फाटकापासून पुलापर्यंत," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस जण, पाय न मोडता, एकाचंही पाऊल तालाबाहेर नको. जमलं तर काठी तुझी. नाही जमलं तर झांजवालीला देणार."

झांजवाली म्हणजे दुसऱ्या तुकडीतली, डॉक्टरीणबाईंची मुलगी. काठी तिलाही हवी होती. ती मिळाली नाही तेव्हा तिनं येऊन तोफेचं अभिनंदन केलं होतं आणि ते मनापासून केलं होतं, हे तोफेला अजून सहन झालेलं नव्हतं. आता काठी तिच्याकडेच जाईल असं तोफेला दिसायला लागलं. पण ती काठीशिवाय घरी गेली नाही. शनिवारपर्यंत ती माझीच आहे, असं मनाशी म्हणून तिनं ती खांद्यावर टाकली.

तोफेची आई शर्टांच्या कारखान्यात शिलाईच्या एका लाइनीवर मुकादम होती. लाइन म्हणजे एकामागे एक तीस मशीनं. पहिल्या टेबलावर कापलेले तुकडे यायचे आणि शेवटच्या टेबलावरून घडी घातलेला शर्ट बाहेर पडायचा. घरी आली की ती घमेल्यातल्या गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि दिवसभराचं सांगायची, कुणी ऐको न ऐको. त्या दिवशी तिच्या लाइनीत शेवटच्या टेबलावर ढीग साचला होता. साहेब येऊन शेवटच्या बाईला वाटेल तसं बोलला. तोफेची आई मात्र त्या बाईकडे गेलीच नाही, ती सरळ पहिल्या टेबलाकडे गेली. तिथं कॉलरचा तुकडाच अर्धं बोट लांब कापलेला येत होता. मधल्या प्रत्येकीनं तो थोडाथोडा ओढून-ताणून पुढे ढकलला होता आणि सगळ्यांचं मिळून जे उरलं ते शेवटच्या बाईच्या पदरात पडलं होतं.

"तुझ्या शर्टांचा आणि माझ्या बँडचा काय संबंध?" तोफ फणकारली.

"मी कुठं बँडचं काढलं?" आई म्हणाली. "मी माझं सांगत होते."

तोफ उठून आत गेली. पण ते अर्धं बोट तिच्या डोक्यातून जाईना.

बुधवारी शाळेच्या आधी ती पायरीवरून उचललेल्या तिन्ही बासऱ्या घेऊन काडीच्या वडलांच्या दुकानात गेली. इस्त्रीचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की भरलं. काडी कोपऱ्यात गठ्ठ्यावर बसून गणितं सोडवत होती. तिनं मान वर केली नाही. काकांनी मात्र तोफेला स्टूल दिलं आणि इस्त्री चालवता चालवता उलट तिचीच समजूत घातली. तू बोललीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस बाळ, म्हणाले, आमच्या घरातच ताल नाही. तेही याच शाळेचे. तेही याच बँडमध्ये, याच शेवटच्या ओळीत, बासरीच वाजवायचे. दोन महिन्यांत सरांनी त्यांना काढून टाकलं. तेव्हापासून आपल्याला ताल नाही हे त्यांनी एकदाचं मान्य करून टाकलं होतं. स्वतःच्या लग्नात सगळे नाचले, पण नवरदेव भिंतीला टेकून उभा, असं सांगून ते हसले.

तोफ त्यांच्या हाताकडे बघत होती. तीन फटकारे, कापड उलटं, पाण्याचा शिपका, पुन्हा तीन फटकारे. ती तिथं बसून होती तेवढ्या वेळात चार शर्ट झाले आणि एकदाही त्या हाताचा ठेका इकडचा तिकडे झाला नाही. या माणसाला ताल नाही असं कोण म्हणेल? आणि बापलेक दोघंही नेमकी त्याच ओळीत चुकली होती.

"काडी, मला एक सांग," ती म्हणाली, तिच्या मानानं हळू. "नेमकं काय होतं मागे?"

काडीनं पेन्सिल ठेवली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर अगदी तयार होतं.

"ताई, तू म्हणतेस ड्रमवर पाय टाका. मी ड्रमवरच टाकते. पण समोर बघितलं की तुमचे पाय आधीच पडलेले असतात. मग मी तुमच्याबरोबर टाकते, तर ड्रम नंतर वाजतो. सांग, खरं कुठलं धरायचं?"

काहीतरी सबबी सांगू नकोस, हे वाक्य तोफेच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. गिळायला जड गेलं, पण गिळलं. आज मी तुझ्या ओळीत चालते, ती म्हणाली, तू नुसती शेजारी ये. काडीनं आधीच बजावलं की ती बासरी वाजवणार नाही. नको वाजवू, तोफ म्हणाली, फक्त चाल.

त्या दिवशी सर परीक्षेच्या कामात अडकले होते. सराव तोफेलाच घ्यायचा होता, पण मागे चालायचं तर पुढे काठी कुणीतरी धरायला हवी. बँडमध्ये ती नीट धरू शकेल अशी एकच मुलगी होती हे तोफेला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच काठी पुढे करताना तिचा हात जड झाला. झांजवालीनं काही न विचारता झांजा बाकावर ठेवल्या आणि काठी घेतली.

रांग सुटली. पुढून मोठ्या ड्रमचा ठोका आला आणि तोफेनं डावा टाकला, अगदी ठोक्यावर, तीन वर्षं ड्रम बडवलेल्या मुलीचा पाय चुकतो कुठं. समोर पाहिलं तर पहिल्या ओळींचा डावा केव्हाच टेकला होता. तिनं घाई करून त्यांना गाठलं, तर ठोका मागे राहिला. ठोका धरला, तर पाय मागे राहिले. शिवाय तिच्या पुढची ओळ तिच्या पुढच्या ओळीकडे बघून आधीच लटपटत होती, ती तिच्याही पुढच्या ओळीकडे बघून, आणि ते सगळं लटपटणं घरंगळत शेवटच्या तिघांपाशी येऊन साठत होतं. वळण येईपर्यंत तोफ, बँडप्रमुख, साफ चुकीच्या पायावर होती. काडी शेजारून शांतपणे म्हणाली, "बघितलंस?"

रांग थांबली. दूर खाली पुलाच्या कठड्यापाशी एक मजूर खांब ठोकत होता. हातोडा खांबावर पडायचा, आणि ठण् ऐकू यायचं ते हातोडा पुन्हा वर जायला लागल्यावर. असलं दृश्य तोफेनं आजवर शंभरदा पाहिलं असेल. आज ते पाहताना तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ड्रम अगदी पुढे. आवाजाला शेवटपर्यंत पोचायला वेळ लागत होता. डोळ्याला ठोका आधी मिळत होता आणि कानाला नंतर. मैदानात सगळे खेटून उभे असायचे म्हणून हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मागची पोरं हुंदडत नव्हती. उलट सांगितलेलं सगळ्यात प्रामाणिकपणे तीच करत होती.

तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तोफेला ती लपवून ठेवणं जमायचं नाही. मंगळवारी ती ज्या आवाजात बोलली होती त्याच आवाजात, त्याच दुकानांसमोर बोलली.

"सगळ्यांनी ऐका. मंगळवारी मी या तिघांना जे बोलले ते चूक होतं. यांचा पाय बरोबर होता. मी मागे येऊन बघितलंच नव्हतं."

 पायरीवरच्या दुकानदारानंही ते ऐकलं. जुळ्यांनी लगेच आपापल्या बासऱ्या घेतल्या. काडीनं तिची घेतली नाही. उद्या बघते, म्हणाली. तोफेला ते टोचलं, पण तिनं ती बासरी आपल्याजवळच जपून ठेवली.

आता उपाय. मोठा ड्रम पहिल्या ओळीतून काढून बरोबर मधे न्यायचा, म्हणजे ठोका दोन्ही टोकांना सारखाच पोचेल. आणि मागच्यांनी एकमेकांचे पाय न बघता काठी बघायची. ती त्यांना दिसावी म्हणून तोफेनं काठी छातीशी न धरता डोक्यावर उंच धरायची. सांगायला सोपं. पण मोठा ड्रम वाजवणारा पैलवान हे ऐकून मटकन खालीच बसला. वर्गातला सगळ्यात धिप्पाड मुलगा, आणि चेहरा असा की जणू कुणी त्याचा डबा पळवलाय. त्या ड्रमवर शाळेचं नाव होतं. त्याचा थोरला भाऊ तो पहिल्या ओळीत वाजवून गेला होता, घरात भिंतीवर त्याचा फोटो होता.

"मधे मला कोण बघणार?" तो म्हणाला.

बघतील की, असं खोटंच सांगायचा मोह तोफेला झाला. पण उद्या हे कळल्यावर तो मन लावून वाजवणार नाही हेही तिला दिसत होतं.

"कुणी नाही बघणार," ती म्हणाली. "पण अठ्ठेचाळीस जण तुझ्यावर चालतील. आता बावीससुद्धा चालत नाहीत."

पैलवानानं बराच वेळ ड्रमचा पट्टा उगाचच घट्ट-सैल केला. मग उठून तो आठव्या ओळीत जाऊन उभा राहिला. खूश होऊन नव्हे, हे सगळ्यांना कळत होतं. पण उभा राहिला.

गुरुवारी सर आले आणि त्यांनी पहिल्याच नजरेत ड्रम मधे पाहिला. जागेवर आणा, एवढंच म्हणाले. गेली तीस वर्षं शाळेचं नाव पुढे चालत आलंय, ते असं गर्दीत कोंबायचं नाही. तोफेनं खांब ठोकणाऱ्या मजुराचं सांगितलं, ते त्यांनी अर्धवट ऐकलं. तिनं पुन्हा सांगितलं. सरांनी घड्याळ पाहिलं. दुसरी कुणी असती तर इथं गप्प बसली असती. काठी जायला शनिवारचीसुद्धा वाट बघायला नको, आत्ता इथंच जाईल, हे तोफेलाही दिसत होतं. तरी ती बोलली.

"सर, ड्रम पुढे नेते. पण एकदा तुम्ही शेवटच्या ओळीत चाला. वळणापर्यंतच."

 सरांना असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि ते मागे गेले. काडी नव्हतीच, तिच्याच जागी, जुळ्यांच्या मधे उभे राहिले. बिचारे जुळे आणखी एक वीत आखूड झाले.

सर चालले ते ऐटीत. जन्मभर मुलांना चालायला शिकवलेला माणूस. तिसाव्या पावलाला त्यांनी पाय बदलला. चाळिसाव्याला पुन्हा बदलला. वळणावर ते थांबले आणि परत फाटकाशी गेले, पुन्हा चालून बघितलं. दुसऱ्यांदाही पाय मोडलाच. मग ते विजेच्या खांबाशी जाऊन उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली.

"तीस वर्षं मी मागच्या ओळीला शिव्या घातल्या," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. "काहींना तर काढूनच टाकलं."

तोफेनं त्यांना इस्त्रीच्या दुकानातल्या काकांबद्दल सांगितलं. सांगू की नको असं झालं होतं, पण सांगितलं. सर म्हणाले, आठवतो. मग टोपी घालून त्यांनी पैलवानाला आठव्या ओळीत जायची खूण केली.

त्या संध्याकाळी सर दोन शर्ट घेऊन दुकानात गेले. शर्ट आधीच कडक इस्त्रीचे होते, असं काडीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मोठी माणसं काय बोलली ते तिला कळलं नाही, तिला बाहेर पाठवलं होतं. पण बाबा नंतर कितीतरी वेळ हातात इस्त्री धरून नुसते उभे होते, आणि मग म्हणाले, तुझी बासरी कुठाय? हे सांगताना काडी नेहमीसारखीच कोरडेपणानं बोलली, पण शुक्रवारी आल्या आल्या तिनं तोफेकडून आपली बासरी मागून घेतली होती.

तोफेनं शुक्रवारी आणखी एक गोष्ट केली. रांगेच्या पुढे चालणाऱ्याला वळून बघता येत नाही, स्पर्धेत त्याचे गुण कापतात. म्हणजे मागे काय होतंय ते तिला कधीच दिसणार नव्हतं. तिनं सरांकडून जादाची शिट्टी मागून घेतली आणि काडीच्या गळ्यात घातली. शाळेत आजवर सरांखेरीज कुणाच्या गळ्यात शिट्टी आली नव्हती. सातवीतल्या पोरीच्या तर नाहीच. सरावात पाय मोडताना दिसला की बासरी सोडून शिट्टी मार, सगळे जागच्या जागी थांबतील, चूक कुणाचीही असो. असा नियम तिनं सगळ्यांसमोर सांगितला. दहावीतल्या दोघांनी नाकं मुरडली. झांजवाली म्हणाली, बरोबर आहे, आणि या वेळी तोफेला तिचा राग आला नाही.

शनिवारी सकाळी फाटकापाशी सर उभे होते, मोठ्या बाई होत्या, काही मुलांच्या घरचे होते. तोफेची आई पहिली पाळी बदलून आली होती. रस्त्याच्या कडेला इस्त्रीवाले काका दुकान बंद करून उभे होते, हात पाठीमागे बांधून. तोफेनं काठी उंच धरली आणि तोफ डागली. सर आणि बघणारे रांगेच्या कडेकडेनं बरोबर चालू लागले. रांग सुटली.

वळण आलं आणि गेलं. शिट्टी नाही. मधून ड्रमचा ठोका येत होता, गोल, भरीव, पैलवान आज जीव ओतत होता. बासऱ्यांची धून शेवटापासून पुढपर्यंत एकसंध येत होती. मग उतार लागला आणि खाली पूल दिसला. पूल दिसला आणि तोफेच्या छातीत काहीतरी उसळलं. साठ पावलं. काठी आपली. पन्नास पावलं.

शिट्टी वाजली.

अठ्ठेचाळीस जण जागच्या जागी थांबले. ड्रमचा शेवटचा ठोका अर्धा वाजून विरला. सर, मोठ्या बाई, आया, दुकानदार, सगळे बघत होते. तोफ काठी उंचावलेली तशीच, पाठ सगळ्यांकडे करून उभी राहिली. तिच्या मनात आलं, चुकून वाजली म्हणता येईल. पोर घाबरली म्हणता येईल. सातवीतली आहे, कुणीही विश्वास ठेवेल. हे सगळं तिच्या मनात आलं हे लपवण्यात अर्थ नाही. मग ती वळली आणि रांगेच्या कडेनं चालत शेवटपर्यंत गेली. काडीच्या हातात अजून शिट्टी होती, आणि ती तोफेकडे सरळ बघत होती.

"कुणाचा पाय?" तोफेनं विचारलं.

"तुझा, ताई," काडी म्हणाली. "उतार लागल्यावर तू पळालीस. काठी पुढे गेली, ड्रम मागे राहिला."

आठव्या ओळीतून पैलवानानं मान डोलावली. वळल्यावर पहिली ओळ गाठायलाच किती पावलं पडली, ते तोफेला आठवलं. खरंच होतं. तिच्या आणि पहिल्या ओळीच्या मधे चांगलं एक गाडी मावेल एवढं अंतर पडलेलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि आवाज फुटला तो नेहमीचाच, सगळ्या रस्त्याला ऐकू जाणारा.

"बरोबर वाजवलीस. चूक माझी."

मग ती सरांकडे गेली आणि तिनं दोन्ही हातांनी काठी पुढे धरली. पाय मोडला सर, ती म्हणाली, माझाच मोडला. ठरल्याप्रमाणे करा. झांजवालीनं दुसरीकडे बघितलं. सरांनी हात पुढे केला नाही. त्यांनी मागे थांबलेल्या त्या लांब रांगेकडे बघितलं. तिच्यात एक मूलसुद्धा जागचं हललेलं नव्हतं.

"फाटक तिकडे आहे," सर म्हणाले.

तोफेनं डोळे पुसायला बाही वापरली आणि हुकूम दिला. रांग जागच्या जागी मागे फिरली, त्यामुळे सोळावी ओळ पहिली झाली. काडी आणि जुळे सगळ्यांच्या पुढे चढ चढू लागले, आणि बँडप्रमुख अठ्ठेचाळीस पाठींच्या मागून चालत फाटकापर्यंत गेली. कुणी कुरकुरलं नाही. नाकं मुरडणारे दोघंसुद्धा नाही.

दुसऱ्यांदा रांग सुटली तेव्हा ऊन वर आलं होतं. वळण गेलं. उतार लागला. पूल दिसला, आणि पुन्हा तिच्या पायांना ती खाज सुटली. या वेळी तिनं दात आवळून धरले, पूल बघायचं सोडलं आणि मागून येणाऱ्या ड्रमवर पाय टाकत राहिली, एक ठोका, एक पाऊल, पूल काही कुठं पळून जाणार नव्हता. काठी धरून तिचा खांदा पेटला होता. तिनं ती खाली आणली नाही.

पुलाच्या मधोमध तिनं 'थांब' म्हटलं आणि तेव्हाच वळून पाहिलं. दूर सोळाव्या ओळीत काडीच्या ओठांना अजून बासरीच लागलेली होती, आणि तिचा डावा पाय जिथं असायला हवा तिथंच होता.